कर्नलमध्ये हाय-रिझोल्यूशन स्लीप टायमर घालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, जे स्वतःच्या किंवा एखाद्या छोट्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) टिकपेक्षा, म्हणजे घड्याळाच्या ठरावीक ठोक्यापेक्षा, बारीक झोप आणू पाहताहेत. दुसरे, जे लिनक्स किंवा फ्रीबीएसडीसाठी ड्रायव्हर लिहितात आणि तिथल्या स्लीप फंक्शनांची एवढी भाऊगर्दी का, असा त्यांना प्रश्न पडतो. प्रश्न क्रमाने वाचलेच पाहिजेत असं नाही, पण पहिला आणि 'किती उशीर चालेल' हा प्रश्न चुकवू नका. बाकीचं बरंचसं त्या दोन्हींतूनच निघतं.

मी १ मिलिसेकंद झोप मागितली, मिळाली जवळजवळ २०. कर्नल बिघडलंय का?

नाही, ते अगदी नियमाने वागतंय. टिकवर चालणाऱ्या कर्नलला वेळ फक्त टिकच्या ठोक्याला दिसते. एचझेड (सेकंदाला किती ठोके) १०० असेल तर हा ठोका दर १० मिलिसेकंदांनी पडतो आणि दोन ठोक्यांच्या मधलं काहीही टायमरच्या हिशेबात नसतं.

१ मिलिसेकंद म्हणजे टिकमध्ये मोजलं तर एक टिक, कारण अपूर्णांक वर न्यावाच लागतो. आता समजा पुढचा ठोका पडायला अर्धा मिलिसेकंद उरलाय आणि त्याच वेळी कुणी झोप मागितली. नुसता 'एक टिक' धरला तर झोप मागणारा थ्रेड (कोड चालवणारा एक स्वतंत्र प्रवाह) अर्ध्या मिलिसेकंदात उठेल, म्हणजे मागितल्यापेक्षा लवकर. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकाचा नियम आहे की सिग्नल आला नाही तर मागितलेल्या वेळेआधी उठवायचं नाही. ड्रायव्हरसाठी तर हा नियम जिवावरचा: चिपला रिसेटनंतर १ मिलिसेकंद द्यायला सांगितलंय, अर्धाच दिला, तर पुढचं रजिस्टर कचरा वाचतं. म्हणून टिकवाला कर्नल आणखी एक टिक मिळवतो. आता तीच झोप सर्वांत चांगल्या परिस्थितीत १० मिलिसेकंदांच्या थोडी वर जाते. ठोका नुकताच पडून गेला असेल, तर पुरती २० होते.

एका झोपेत हे कुणाला जाणवत नाही. पण एखादा ड्रायव्हर सुरू होताना शंभर रजिस्टरं लिहितो आणि प्रत्येकानंतर १ मिलिसेकंद थांबतो, तेव्हा कागदावरच्या ०.१ सेकंदाचे दीड-दोन सेकंद होतात. बूट हळू का होतंय याचा शोध घेताना असे प्रकार हमखास सापडतात.

मग एचझेडच वाढवा. १०० ऐवजी १०००, हवं तर १०,०००. भानगड मिटली?

हा मार्ग लिनक्सने चालून पाहिला आहे. आय-३८६ वर २.४ मालिकेत एचझेड १०० होता, २.६ मध्ये तो १००० केला, आणि २.६.१३ मध्ये मुळातला पर्याय २५० वर आणला. मधे बराच वाद झाला. एका बाजूला प्रतिसाद सुधारतो, दुसऱ्या बाजूला रिकामं बसलेलं मशीनही सेकंदाला हजार वेळा जागं होतं आणि लॅपटॉपची बॅटरी खातं.

टिक वाढवण्यात मुळातच गोम अशी की एका थ्रेडच्या गरजेची किंमत सगळ्या सिस्टिमला मोजावी लागते. विंडोजमध्ये हेच वेगळ्या रूपात दिसलं. तिथला नेहमीचा ठोका १५.६२५ मिलिसेकंदांचा. एखाद्या प्रोग्रॅमने तो १ मिलिसेकंदावर आणायला सांगितला, की विंडोज १० ची '२००४' क्रमांकाची आवृत्ती येईपर्यंत तो सगळ्यांसाठीच बदलायचा. एक ब्राउझर टॅब उघडी राहिली म्हणून अख्ख्या मशीनची झोपमोड.

आणि एवढं करून रिझोल्यूशन मिळतं १ मिलिसेकंदाचं. ५० मायक्रोसेकंदांची झोप हवी असेल तर सेकंदाला २०,००० ठोके लागतील. तो रस्ता तिथेच संपतो.

हाय-रिझोल्यूशन टायमर नेमकं काय वेगळं करतो?

ठोक्याची वाट पाहणं सोडून देतो. सर्वांत जवळची डेडलाइन कोणती ते पाहून हार्डवेअरला सांगतो, 'अमुक क्षणी एकदाच इंटरप्ट (सीपीयूचं लक्ष वेधणारा इशारा) दे'. तो आला की ज्यांची वेळ झाली त्यांना उठवतो, पुढची डेडलाइन लावतो. कुणालाच काही नको असेल तर इंटरप्टही नाही.

लिनक्समध्ये थॉमस ग्लायक्सनर आणि इंगो मोलनार यांचं एचआरटायमरचं काम दोन टप्प्यांत आलं. २.६.१६ मध्ये (२००६) नवी रचना आली, पण ती आतून टिकवरच चालत होती. खरं हाय-रिझोल्यूशन आणि त्याच्यासोबत रिकाम्या सीपीयूवर टिक थांबवणं २.६.२१ मध्ये (२००७) आलं. हा क्रम नक्कल करण्यासारखा आहे: आधी एपीआय आणि डेटा स्ट्रक्चर बदला, सगळं पूर्वीइतक्याच ढोबळपणे चालू द्या, मग खालचं हार्डवेअर बदला. दोन्ही एकाच पॅचमध्ये कोंबलं तर बिघाड वरचा की खालचा हे शोधण्यातच महिने जातात.

हार्डवेअरकडून कमीत कमी काय लागतं?

दोन वेगळ्या गोष्टी, आणि त्या वेगळ्याच ठेवा. एक, 'आत्ता किती वाजले' सांगणारा न थांबणारा काउंटर. दुसरी, 'अमुक वेळी मला हाक मार' ऐकणारं यंत्र. लिनक्समध्ये यांना क्लॉकसोर्स आणि क्लॉकइव्हेंट म्हणतात. फ्रीबीएसडीत टाइमकाउंटर आणि इव्हेंटटायमर. जुन्या कर्नलांत ही दोन कामं टिकच्या इंटरप्टमध्ये एकत्र गुंफलेली असतात: ठोका पडला की वेळ पुढे सरकवा आणि टायमरही तपासा. ही गुंफण सोडवणं हेच अर्ध्याहून जास्त काम आहे. इंटरप्ट उशिरा आला किंवा आलाच नाही तरी वेळ बरोबर राहिली पाहिजे. तशी राहत नसेल तर टायमरला हातच लावू नका, आधी टाइमकीपिंग दुरुस्त करा.

पीसीवर पर्याय बरेच आहेत. ८२५४ पीआयटी १.१९३१८२ मेगाहर्ट्झवर चालतो, काउंटर १६ बिटांचा, म्हणजे एका दमात जास्तीत जास्त ५५ मिलिसेकंदांच्या आसपास. शिवाय तो जुन्या पोर्टांतून प्रोग्राम करावा लागतो आणि त्यातच मायक्रोसेकंद खर्च होतात. एचपीईटी बरा, पण तो सगळ्या सीपीयूंनी वाटून घ्यायचा आणि वाचायलाही हळू. प्रत्येक कोरचा स्वतःचा लोकल एपिक टायमर हाच खरा उमेदवार, त्यातही टीएससी-डेडलाइन मोड (सीपीयूच्या आतल्या काउंटरवरच डेडलाइन लावण्याची सोय) असेल तर उत्तम. आर्म आणि रिस्क-व्हीवर हा त्रास जवळजवळ नाही. तिथे प्रत्येक कोरला स्वतःचा कंपॅरेटर (काउंटर ठरलेल्या आकड्यावर पोचला का हे पाहणारा भाग) मिळतो आणि काउंटर सामाईक असतो.

डेडलाइन लावेपर्यंत ती निघूनच गेली तर?

हा प्रश्न फार थोडे लोक आधी विचारतात. बाकीचे मशीन गोठल्यावर विचारतात.

एचपीईटीचं उदाहरण घ्या. काउंटर साधारण १४.३१८ मेगाहर्ट्झने धावतोय. तुम्ही तो वाचला: १०,००,०००. तुम्हाला पावणेतीन मायक्रोसेकंदांनी इंटरप्ट हवाय, म्हणजे ४० काउंट पुढे. १०,००,०४० ही किंमत कंपॅरेटरमध्ये लिहायला निघालात. तेवढ्यात फर्मवेअरने एसएमआय (कर्नलला न विचारता येणारा इंटरप्ट) मारून सीपीयू काढून घेतला. परत मिळाला तेव्हा काउंटर १०,००,३०० च्या पुढे गेलेला. तुमचं लिखाण आता पोचलं. हा कंपॅरेटर फक्त 'बरोबर इतके' पाहतो, 'इतके किंवा जास्त' पाहत नाही. ३२ बिटांचा काउंटर पूर्ण फिरून पुन्हा त्या आकड्यावर यायला सुमारे ५ मिनिटं लागतात. तोवर त्या सीपीयूवरचे सगळे टायमर गप्प.

उपाय सोपा आहे, फक्त करायला हवा: लिहिल्यावर काउंटर पुन्हा वाचायचा. डेडलाइन मागे पडली असेल किंवा फारच जवळ आली असेल, तर वरच्या थराला 'वेळ टळली' असं सांगायचं. वरचा थर एकतर लगेच टायमर चालवतो किंवा थोडं पुढचं अंतर देऊन पुन्हा प्रयत्न करतो. प्रत्येक यंत्रासाठी 'याहून जवळची डेडलाइन मागू नका' असं किमान अंतरही नोंदवून ठेवतात.

टीएससी-डेडलाइन, आर्मचा जेनेरिक टायमर आणि रिस्क-व्हीचा टायमर यांत 'इतके किंवा जास्त' अशीच तुलना होते. वेळ टळलेली असली तरी इंटरप्ट येतोच. तुमचा कर्नल फक्त अशाच हार्डवेअरवर चालणार असेल तर हा भाग सोडून द्या. पण टीएससी-डेडलाइनवर चाचणी करून तोच कोड एचपीईटीवर पाठवू नका.

जुनं टायमर व्हील (टायमर वेळेनुसार खणांत ठेवणारं गोल कोष्टक) काढून टाकायचं ना?

अजिबात नाही. कर्नलमधले बहुतेक टायमर हे टाइमआउट असतात: नेटवर्कच्या पॅकेटला उत्तर आलं नाही तर, डिस्कने विनंती पूर्ण केली नाही तर. उत्तर सहसा येतंच, त्यामुळे हे टायमर लावले जातात आणि वाजण्याआधीच रद्द होतात. त्यांना अचूकपणा नको असतो. लावणं आणि काढणं स्वस्त हवं असतं. जॉर्ज व्हर्गीस आणि टोनी लाउक यांनी १९८७ साली मांडलेली टायमिंग व्हीलची कल्पना याच कामाची: लावायला आणि काढायला ठराविक खर्च, टायमर कितीही असोत.

झोपेचे टायमर उलटे, ते जवळजवळ नेहमी वाजतात. त्यांना क्रमाने लावलेली रांग हवी म्हणून लिनक्सने रेड-ब्लॅक ट्री (क्रम सांभाळणारी झाडासारखी रचना) घेतलं आणि सर्वांत डावा नोड जवळ धरून ठेवला, म्हणजे पुढची डेडलाइन शोधावी लागत नाही. व्हील बाजूला तसंच ठेवलं. पुढे ४.८ मध्ये (२०१६) तेही नव्याने लिहिलं आणि त्यात मुद्दाम अचूकपणा सोडला: लांबचा टायमर जितका लांब तितकी त्याची खण मोठी, चूक साधारण १२.५ टक्क्यांपर्यंत. टाइमआउटला ते चालतं.

फ्रीबीएसडीने दुसरा निर्णय घेतला. आवृत्ती १० मधल्या नव्या कॉलआउटमध्ये (तिथल्या टायमर यंत्रणेत) व्हीलच ठेवलं, पण आतल्या वेळा टिकऐवजी बारीक एककात ठेवल्या. दोन्ही चालतात. छोट्या कर्नलसाठी, जिथे एका वेळी दोन-चारशे टायमर असतात, मी साधा मिन-हीप (सर्वांत लहान आकडा नेहमी वर ठेवणारी रचना) घेईन आणि पुढच्या कामाला लागेन.

वेळ कशात साठवायची?

६४ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात, नॅनोसेकंदांत. २९२ वर्षं पुरतात. सेकंद आणि नॅनोसेकंद वेगळे ठेवलेले स्ट्रक्चर युझरच्या सीमेवर ठीक आहे, आत नको. प्रत्येक बेरजेत हातचा सांभाळत बसावं लागतं. फ्रीबीएसडी ३२.३२ चा स्थिरबिंदू आकडा वापरतो, त्याचं सर्वांत लहान एकक सुमारे २३३ पिकोसेकंद. भागाकार टाळायला ते छान, पण १ मिलिसेकंद त्यात नेमका बसत नाही (४२,९४,९६७.२९६ एककं होतात), म्हणून रूपांतरात वर नेणं विसरलात की लवकर उठण्याचा दोष परत आला.

नॅनोसेकंदांवरून हार्डवेअरच्या काउंटमध्ये जातानाही हाच धोका. खाली नेलं तर इंटरप्ट केसभर आधी येतो, कोड पाहतो की कुणाचीच वेळ झालेली नाही, मग उरलेल्या इवल्याशा अंतरासाठी पुन्हा प्रोग्राम करतो. चूक दिसत नाही, फक्त इंटरप्ट दुप्पट होतात.

युझरने मुद्दाम प्रचंड आकडा दिला तर बेरीज उलटी फिरून ऋण होईल आणि अनंतकाळची झोप तत्काळ संपेल. मर्यादेवर अडवा.

झोपायला जाण्याचा क्रम इतका महत्त्वाचा का मानतात?

कारण टिकच्या काळात चुकीचा क्रमही वर्षानुवर्षं खपून गेला.

बरोबर क्रम असा: आधी थ्रेडची अवस्था 'झोपलेला' अशी लिहायची, मग टायमर लावायचा, मग टायमर अजून वाजलेला नाही ना हे पाहायचं, आणि नसेल तरच शेड्यूलरकडे सीपीयू सोपवायचा. टायमर वाजला की त्याचा कॉलबॅक (वेळ झाल्यावर चालणारं फंक्शन) 'टायमर अजून वाजायचाय' ही खूण पुसतो आणि थ्रेडला उठवतो.

आता टायमर आधी लावला आणि अवस्था नंतर लिहिली असं धरा. टायमर ३ मायक्रोसेकंदांचा. तो लागला, लगेच वाजला. कॉलबॅकने थ्रेडला उठवायला पाहिलं, पण थ्रेड जागाच आहे, म्हणून काहीच केलं नाही. कॉलबॅक संपला. थ्रेडने पुढच्याच ओळीत स्वतःला 'झोपलेला' लिहून सीपीयू सोडला. आता त्याला उठवणारं कुणी उरलेलं नाही. टिक १० मिलिसेकंदांवर असताना या दोन ओळींच्या मधे टायमर वाजण्याची शक्यता नगण्य होती. झोप मायक्रोसेकंदांवर आली की तीच शक्यता रोजची होते. हाय-रिझोल्यूशन चालू केल्यावर अचानक थ्रेड अडकायला लागले, तर टायमरच्या कोडआधी हा क्रम तपासा. बहुतेकदा नवा कोड निर्दोष असतो आणि जुना दोष उजेडात आलेला असतो.

लवकर उठायचं नाही हे कळलं. पण किती उशीर चालेल, हे कोण ठरवणार?

जो झोपतोय तो. माझ्या मते या संपूर्ण कामातला हाच मुख्य मुद्दा आहे, रिझोल्यूशन नव्हे. स्लीप फंक्शनला एकच आकडा दिला तर कर्नलला फक्त खालची हद्द कळते. वरची हद्द तो स्वतः गृहीत धरतो: टिकवाला कर्नल 'दोन टिक' धरतो, हाय-रिझोल्यूशनवाला 'शक्य तितक्या लगेच' धरतो. दोन्ही अंदाजच.

म्हणून लिनक्सने २०१० मध्ये, २.६.३६ सोबत, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे घेणारं यूस्लीप-रेंज आणलं. १०० ते २०० मायक्रोसेकंद असं सांगितलं की कर्नल त्या खिडकीत आधीच येणारा दुसरा एखादा इंटरप्ट शोधतो आणि त्याच्यासोबत तुम्हालाही उठवतो. बसस्टॉपवर एकाच दिशेने जाणारे चौघे एकाच गाडीत बसावेत तसं. खिडकी जितकी रुंद, तितके इंटरप्ट कमी.

युझर प्रोग्रॅमसाठी हेच काम टायमर स्लॅक करतो. २.६.२८ पासून साध्या थ्रेडला लिनक्स ५० मायक्रोसेकंदांची ढिलाई मुळातच देतो. थ्रेड ती स्वतःपुरती बदलू शकतो, आणि रिअल-टाइम (वेळ पाळणं अत्यावश्यक असलेल्या) धोरणावरच्या थ्रेडला ती लागू होत नाही. 'नॅनोस्लीपने १ मायक्रोसेकंद मागितला तर ५०-६० का लागतात' या तक्रारीचं उत्तर सहसा इथेच असतं.

फ्रीबीएसडीच्या नव्या फंक्शनांतही वेळेसोबत अचूकतेचा आकडा द्यायची सोय आहे. तुम्ही नवा एपीआय आखत असाल तर हा दुसरा आकडा पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर घालायचा म्हटलं की शेकडो ड्रायव्हरांत प्रत्येक ठिकाणी 'इथे किती उशीर चालेल' हे विचारावं लागतं आणि उत्तर देणारा माणूस कधीच निघून गेलेला असतो.

ड्रायव्हरमधले जुने मिलिसेकंदवाले स्लीप कॉल सरसकट बदलू का?

नको. सरसकट बदलणारे पॅच दिसायला नीटनेटके असतात आणि त्यातून भलतेच दोष निघतात. कितीतरी ड्रायव्हर नकळत त्या २० मिलिसेकंदांवर विसंबून असतात: डेटाशीटमध्ये १ लिहिलंय, चिपला प्रत्यक्षात ४ लागतात, पण टिकच्या कृपेने कुणाला कळलंच नाही. झोप खरी करून दिली की असं हार्डवेअर बंड करतं. ज्याच्यावर चाचणी करता येते तेच बदला.

लिनक्समध्ये बरीच वर्षं प्रचलित असलेला ढोबळ नियम: १० मायक्रोसेकंदांखाली जागेवरच फिरत थांबा, १० मायक्रोसेकंद ते २० मिलिसेकंद यूस्लीप-रेंज, त्यावर एमस्लीप (तीच मिलिसेकंदवाली स्लीप). ५.८ पासून एफस्लीप आहे, ते कालावधी पाहून योग्य फंक्शन स्वतःच निवडतं. नव्या कोडमध्ये डोकं लढवायचं नसेल तर तेच वापरा.

फिरत थांबणं, म्हणजे बिझी-वेट, आता कालबाह्य झालं का?

नाही. झोपणं आणि उठणं यातच दोन कॉन्टेक्स्ट स्विच (सीपीयू एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे देणं), एक इंटरप्ट आणि टायमर प्रोग्राम करणं येतं. हा खर्च काही मायक्रोसेकंदांचा असतो. २ मायक्रोसेकंदांसाठी झोपणं मूर्खपणा. शिवाय स्पिनलॉक (ज्याची वाट फिरत पाहिली जाते असं लॉक) हातात असताना किंवा इंटरप्ट हँडलरमध्ये झोपताच येत नाही.

गंमत म्हणजे जुन्या लिनक्समध्ये रिअल-टाइम थ्रेडने २ मिलिसेकंदांपर्यंतची नॅनोस्लीप मागितली तर कर्नल चक्क फिरत थांबायचा. अचूकपणा मिळायचा, सीपीयू जायचा. २.५.३९ मध्ये ते काढलं.

टायमरचा कॉलबॅक कुठे चालवायचा? आणि रद्द करताना मशीन का अडकतं?

कॉलबॅकने फक्त थ्रेड उठवायचा असेल तर थेट हार्ड इंटरप्टमध्ये चालवा. त्याहून जास्त काम असेल तर सॉफ्टइंटरप्टमध्ये (हार्ड इंटरप्ट संपल्यावर चालणाऱ्या टप्प्यात) ढकला, लिनक्सच्या एचआरटायमरला तसा वेगळा मोड ४.१६ पासून आहे.

अडकण्याचं कारण नेहमी एकच. रद्द करणारं फंक्शन, कॉलबॅक चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबतं. तुम्ही एक लॉक धरून रद्द करायला गेलात, आणि कॉलबॅक दुसऱ्या सीपीयूवर त्याच लॉकची वाट पाहतोय. दोघंही कायमचे थांबले. लॉक सोडून रद्द करा, किंवा 'प्रयत्न कर, चालू असेल तर तसं सांग' हे रूप वापरा. आणि टायमर ज्या मेमरीत राहतो ती मोकळी करण्याआधी कॉलबॅक संपल्याची खात्री हवीच. स्टॅकवरचा टायमर असेल तर दुप्पट काळजी.

सापेक्ष झोप की ठरावीक क्षणापर्यंत? आणि कोणत्या घड्याळावर?

एकदाच थांबायचं असेल तर सापेक्ष. ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा काम करायचं असेल तर ठरावीक क्षण, म्हणजे क्लॉक-नॅनोस्लीप निरपेक्ष वेळेसह. सापेक्ष झोपेत प्रत्येक फेरीला कामाचा वेळ आणि उठण्याचा उशीर मिळत जातो आणि लय घसरते. सिग्नलमुळे झोप मोडली तरी निरपेक्ष डेडलाइन पुन्हा तशीच देता येते. उरलेला वेळ मोजत बसावं लागत नाही.

घड्याळ मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारं) घ्या. वॉल-क्लॉक कुणी मागे-पुढे केलं तर झोपेचा बट्ट्याबोळ होतो. मशीन सस्पेंड झालेला काळ लिनक्सच्या मोनोटॉनिकमध्ये धरला जात नाही; तो धरायचा असेल तर बूटटाइम घड्याळ आहे.

बॅटरीवर काय परिणाम होतो?

नीट केलं तर वापर घटतो, कारण रिकामा सीपीयू टिकसाठी उठत नाही. ढिसाळपणे केलं तर वाढतो, कारण प्रत्येक जण मनाला येईल त्या वेळी उठतो. फरक पुन्हा वरच्या खिडकीचाच.

दुसरी बाजूही आहे. सीपीयू गाढ झोपेत गेला असेल तर बाहेर यायलाच दहा ते काही शे मायक्रोसेकंद लागू शकतात. टायमर नॅनोसेकंदात मोजला काय नि मिलिसेकंदात काय, तो उशीर होणारच. काही जुन्या प्रोसेसरांवर गाढ अवस्थेत लोकल एपिक टायमर थांबतोच, मग एचपीईटीसारख्या बाहेरच्या यंत्राकडून जागं करवावं लागतं. लिनक्समध्ये सीपीयू-डीएमए-लेटन्सीचं डिव्हाइस उघडून 'इतक्याच्या वर उशीर नको' सांगता येतं. ते उघडं ठेवून विसरू नका.

एखाद्या युझरने १ नॅनोसेकंदाचा आवर्ती टायमर लावून मशीन वेठीस धरलं तर?

धरू शकतो, म्हणून बांध हवेत. आवर्ती टायमर चुकलेल्या प्रत्येक फेरीसाठी वाजवायचा नाही. एकदा वाजवून किती फेऱ्या चुकल्या तो आकडा द्यायचा. इंटरप्ट हँडलरमध्ये संपलेले टायमर काढता काढता नवे संपत राहिले, तर काही फेऱ्यांनंतर थांबायचं. लिनक्स तीन प्रयत्न करतो, मग पुढचा इंटरप्ट मुद्दाम लांबवतो, जास्तीत जास्त १०० मिलिसेकंद, आणि लॉगमध्ये इंटरप्टला किती वेळ लागला ते लिहितो. तो संदेश दिसला की कुठेतरी टायमरचा पूर आलाय, किंवा व्हर्च्युअल मशीनला यजमानाने बराच वेळ सीपीयू दिलेला नाही.

व्हर्च्युअल मशीनमध्ये?

टायमर प्रोग्राम करणं म्हणजे बहुतेकदा हायपरव्हायजरकडे (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थराकडे) एक फेरी. आकडे वाईट येतात. तिथे घेतलेल्या मोजमापावरून खऱ्या हार्डवेअरबद्दल मत बनवू नका, इतकंच.

म्हणजे आता रिअल-टाइम मिळालं?

टायमर वेळेवर वाजला म्हणजे थ्रेड वेळेवर चालला असं नाही. मधे बंद असलेले इंटरप्ट, प्रीएम्प्शन (चालू थ्रेड मधेच थांबवून दुसऱ्याला सीपीयू देणं) बंद असलेला कोड आणि वरच्या प्राधान्याचे थ्रेड असतात. प्रीएम्प्ट-आरटी (लिनक्सला रिअल-टाइम बनवणारे बदल) लिनक्सच्या मुख्य शाखेत पूर्णपणे वापरता येण्याजोगं झालं ते ६.१२ मध्ये, २०२४ साली, म्हणजे हाय-रिझोल्यूशन टायमर येऊन सतरा वर्षांनी. त्यावरून दोन्हींमधलं अंतर लक्षात यावं.

चालतंय की नाही, हे कसं तपासायचं?

लिनक्सवर प्रॉक फाइलसिस्टिममधली टायमर-लिस्ट उघडा. रिझोल्यूशन १ नॅनोसेकंद दिसलं तर मोड चालू आहे. ४०,००,००० दिसलं तर तुम्ही अजून २५० एचझेडच्या टिकवर आहात. यातल्या '१ नॅनोसेकंद' या आकड्याला हिशेबाचं एकक समजा, अचूकतेची हमी नव्हे.

प्रत्यक्ष उशीर मोजायला सायक्लिकटेस्ट चालवा. सरासरी पाहू नका, ती नेहमी गोड असते. जास्तीत जास्त उशीर आणि त्याचा हिस्टोग्राम पाहा. रिकाम्या मशीनवर एकदा आणि डिस्क-नेटवर्कचा मारा चालू असताना एकदा. मधल्या टप्प्यांसाठी एफट्रेस या कर्नलमधल्या घटना नोंदवणाऱ्या साधनातल्या एचआरटायमरच्या घटना चालू करा: टायमर लागला कधी, वाजायला हवा होता कधी, कॉलबॅक सुरू झाला कधी, थ्रेड सीपीयूवर आला कधी. उशीर पहिल्या तीन टप्प्यांत असेल तर दोष टायमरचा, हार्डवेअरचा किंवा कुणीतरी बंद करून ठेवलेल्या इंटरप्टचा. शेवटच्या टप्प्यात असेल तर शेड्यूलरकडे जा.

आणि स्वतःच्या कर्नलसाठी एक चाचणी आधीच लिहून ठेवा: १ मायक्रोसेकंदापासून १०० मिलिसेकंदांपर्यंत वेगवेगळ्या झोपा, सगळ्या सीपीयूंवर एकाच वेळी, लाखोंच्या संख्येने. त्यातली एकही मागितल्यापेक्षा आधी संपली तर चाचणी नापास. उशिराची मर्यादा प्रत्येक हार्डवेअरवर वेगळी ठेवावी लागते, लवकरची मात्र सगळीकडे शून्यच.